दिवाळीत फुललेली सीतेची वेणी

आईशी मी आयुष्यात एकच मोठं खोटं बोलले, पण ते तब्बल बावीस वर्षं बोलत राहिले. खोटं होतं एका फुलाबद्दल.

१९९० सालची गोष्ट. लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती. यांची नोकरी झाशीच्या रेल्वे कारखान्यात. तेव्हा झाशी मध्य रेल्वेत होती, त्यामुळे मुंबईकडची बरीच मराठी माणसं बदलीवर इकडे यायची (२००३च्या एप्रिलपासून झाशी उत्तर मध्य रेल्वेत गेली, आणि ती ये-जा आटली). आम्ही कारखान्यापलीकडच्या नगरा भागात दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. माझं सारं बालपण डोंबिवलीत गेलेलं, पण बाबा निवृत्त झाल्यावर आई-बाबा रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावच्या घरी राहायला गेले होते. पहिल्या बाळंतपणाला मी तिथेच गेले. एप्रिलअखेर परत निघाले तेव्हा एका हातात अडीच महिन्यांची लेक आणि दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली सीतेची वेणी.

परसातल्या आंब्याच्या मोडलेल्या फांदीवरून आईने ती अलगद सोडवून दिली होती. जाडजूड, पट्ट्यासारखी पानं आणि खाली लोंबणारी पांढुरकी मुळं, बाकी काही नाही. मी कधी तिची फुलं पाहिलेली नव्हती. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत गावी जायचो खऱ्या, पण शाळेच्या खरेदीसाठी महिना संपायच्या आत परतायचो. आईने मात्र वर्णन करून सांगितलं होतं, "हातभर लांब घोस येतो. पांढऱ्यावर जांभळे ठिपके. केसांत माळलीस तर दुसरं काही नको."

व्हीटीला पंजाब मेल पकडली. गाडीत दर दोन तासांनी एकदा लेकीला दूध आणि एकदा वेणीवर पाण्याचा शिपका. झाशीला उतरलो तेव्हा दोघी टवटवीत होत्या.

आणि मग मी त्या झाडाची हत्या केली. दुसरा शब्द नाही. मोठी कुंडी आणली, तिच्यात काळी माती आणि शेणखत भरलं, मुळं खोल पुरली आणि रोज सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घातलं. तुळशीला, मोगऱ्याला करतो तेच. मे महिन्याच्या लूमध्ये पानं सुरकुतली, पाऊस सुरू झाल्यावर बुडाशी काळी पडली. ऑगस्टमध्ये मी पान धरून जरासं ओढलं तर अख्खं झाड हातात आलं, खाली मुळं नव्हतीच.

दिवाळीला आईचं अंतर्देशीय आलं. शेवटची ओळ होती, "वेणी कशी आहे?" तिने इतक्या मायेने दिलेलं झाड चार महिन्यांत मारलं, हे लिहायला हात धजेना. मी लिहिलं, "यंदा दिवाळीतच फुलली. दोन घोस आले. पांढऱ्यावर जांभळे ठिपके, अगदी तू सांगितलेस तसे." आईचं उत्तर आलं, "वाचून बरं वाटलं. झाशीची हवा न्यारीच दिसते."

पुढे दर दिवाळीला तिचा तो प्रश्न यायचा आणि माझी वेणी फुलायची. एका वर्षी मी तीन घोस आणले. एकदा तर शेजारणींनी येऊन फोटो काढल्याचंही लिहिलं. फोटो मात्र आईने कधी मागितला नाही.

पुढची पंधरा-सोळा वर्षं मी ऑर्किडच्या वाटेला गेले नाही. मुलीचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण आणि बुंदेलखंडातली पाण्याची रड. झाशीचा उन्हाळा ज्याने काढलाय त्यालाच ती कळेल. पारा ४५च्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि नळाला पाणी आलं की हातातलं काम टाकून धावावं लागतं. अशा गावात फुलांचे लाड करायचे म्हणजे लोक नावं ठेवणारच. तीच झाशी जानेवारीत पाच-सहा अंशांवर उतरते. ऑर्किडने जगू नये म्हणूनच जणू हे हवामान घडवलंय, असं मला वाटायचं.

तो समज एका बेवारस झाडाने मोडला. २००६च्या सुमारास रस्ता रुंद करताना आंब्याची जुनी झाडं तोडली जात होती. यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकाने पडलेल्या फांदीवरचा एक झुपका आणून दिला. स्थानिक लोक त्याला बांदा म्हणतात. मी तो पाहिला आणि ओळखलाच, तशीच जाड पानं, तशीच पांढुरकी मुळं. सीतेची वेणी नव्हती, पण तिच्या नात्यातली होती. हा होता वांडा, आपल्या मध्य भारतातल्या कोरड्या जंगलांत आंब्या-मोहांवर वाढणारा. पुढे वाचनात आलं की जगभर वापरलं जाणारं 'वांडा' हे नाव मुळात आपल्या संस्कृत शब्दावरून घेतलेलं आहे. सर विल्यम जोन्स यांनी ते वापरलं आणि १८२० मध्ये ते वनस्पतिशास्त्रात रूढ झालं. बंगालकडचे वैद्य ह्याच झाडाची मुळं रास्ना म्हणून वापरतात, तर उत्तरेतले वैद्य भलत्याच झुडपाला रास्ना म्हणतात. असो.

ह्या वेळी मी काहीच केलं नाही. खरं तर करायला वेळच नव्हता. झुपका फांदीच्या तुकड्यासकट गच्चीच्या पूर्वेकडच्या भिंतीवर, कडुनिंबाच्या सावलीत सुतळीने टांगला. कधी आठवलं तर कपडे धुतल्यावर उरलेलं शेवटचं निवळ पाणी शिंपडायचे. तो जगला! नुसता जगला नाही, दोन उन्हाळ्यांनंतर एप्रिलमध्ये त्याला पिवळट-तपकिरी जाळीची, निळसर ओठाची फुलं आली आणि संध्याकाळी गच्चीभर मंद वास सुटला. शेजारच्या भाभी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "माटी तो हैई नइयां, फिर जी कैसें रओ?"

तोच तर प्रश्न होता. माती नाही, मग जगतं कसं?

उत्तर त्या मुळांत होतं. ही झाडं दुसऱ्या झाडावर राहतात, पण बांडगुळासारखी त्याचा रस पीत नाहीत, नुसता आधार घेतात. त्यांच्या मुळांवर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं. पाऊस किंवा दव पडलं की ते क्षणात पाणी शोषतं, मूळ हिरवं दिसायला लागतं आणि सुकलं की पुन्हा चंदेरी होतं. म्हणजे मुळांना पाणी जितकं हवं तितकीच हवाही हवी. मी वेणीला मातीत पुरलं तेव्हा तिचा श्वासच कोंडला होता. पाणी कमी पडून ती मेली नव्हती, माझ्या प्रेमाने मेली होती.

खरा छंद लागला तो २००९ पासून. लेक शिकायला पुण्यात होती. जानेवारीत एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथून तिने माझ्यासाठी एक चिमुकलं रोप आणलं. वीतभर उंचीचं, लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत बसवलेलं, वर भगव्या रंगाच्या रुपयाएवढ्या फुलांचा तुरा. ते होतं ॲस्कोसेंडा. मोठा वांडा आणि त्याचा ठेंगणा भाऊबंद ॲस्कोसेंट्रम, ह्यांचा हा संकर. असला पहिला संकर १९४९ मध्ये हवाईत नोंदवला गेला. वांड्याची मोठी फुलं आणि दुसऱ्याचा ठेंगणेपणा, भडक रंग व पुन्हा पुन्हा फुलण्याची सवय, असा दोन्हीकडचा वारसा त्याला मिळालाय. (शास्त्रज्ञांनी आता ॲस्कोसेंट्रमलाही वांड्यातच धरलंय, त्यामुळे चिठ्ठीवर नुसतं वांडा लिहिलेलं असलं तरी गोंधळू नका.)

ठेंगणेपणाचं महत्त्व मला त्याच मे महिन्यात कळलं. मोठा वांडा माणसाच्या उंचीचा होतो, त्याची मुळं गजभर लोंबतात. लू सुटल्यावर तो घरात कसा आणणार आणि ठेवणार कुठे? ही छोटी झाडं मात्र एका परातीत आठ मावतात. परात उचलली की सगळा बगीचा आत. आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या, दोन टोकांच्या हवामानाच्या संसाराला हीच झाडं. पुढे डेंड्रोबियमच्या बुटक्या जाती आल्या, ज्यांच्या फूटभर उंचीच्या कांड्यांवर वर्षातून दोन-तीनदा पांढरी-जांभळी फुलं येतात. छोटी फॅलेनॉप्सिस आली. एक तर इतकी लहान होती की चहाच्या कपात बसवली.

वाचकांना वाटेल, हा तर श्रीमंतांचा शौक. पूर्वी होताही. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्याच्यात रोपाला पुरेल असं अन्नच नसतं, निसर्गात एका बुरशीच्या मदतीवाचून ते रुजत नाही. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर, बाटलीत ते रुजवून दाखवलं. १९६०च्या सुमारास फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकातल्या इवल्याशा पेशींपासून एका झाडाची शेकडो झाडं करण्याची वाट उघडली. तेव्हापासून ऑर्किड स्वस्त होत गेलं. आपल्याकडेही सिक्कीममध्ये पाकयोंगला १९९६ पासून ऑर्किडचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. सांगायचं कारण हे, की जंगलातून झाड ओरबाडून आणायची आता कुणालाच गरज नाही. रोपवाटिकेतलं झाड कुंडीला सरावलेलंही असतं. फांदीच मोडून पडली असेल तर गोष्ट वेगळी.

आता माझी पद्धत. कुंडी मातीची, बाजूंनी भोकं असलेली. आत लाकडी कोळसा, विटेचे तुकडे आणि नारळाचं सोडण. झाशीत सोडणं कुठली? पण देवळातल्या नारळांच्या शेंड्या मिळतात. त्या आठवडाभर पाणी बदलत भिजत ठेवते, नाहीतर त्यांचा तपकिरी अर्क मुळांना बाधतो. वांड्याला तेवढंही लागत नाही, रिकामी टोपली पुरते. सकाळी लवकर बादलीत टोपली दहा मिनिटं बुडवायची. मुळं हिरवी झाली की काम झालं. पानांच्या बेचक्यात पाणी साचू द्यायचं नाही, विशेषतः फॅलेनॉप्सिसच्या, नाहीतर गाभा कुजतो. बादलीतलं तेच पाणी मग तुळशीला आणि कढीपत्त्याला. पाण्यासाठी नावं ठेवणाऱ्या शेजारणींना मी ही बादली दाखवली तेव्हा कुठे त्यांची तोंडं बंद झाली. आमच्या बोअरच्या पाण्याने पानांवर आणि मुळांवर पांढरे थर बसायचे, म्हणून पावसाळ्यात गच्चीचं पाणी दोन पिंपांत भरून झाकून ठेवते. ते दिवाळीपर्यंत पुरतं. खत विरघळणारं, आठवड्यातून एकदा, लिटरभर पाण्यात चिमूटभर. जास्त घातलंत तर मुळांची टोकं करपतात.

उजेडाचं पानं सांगतात. गर्द हिरवी, दिसायला सुंदर पानं असली तर फुलं विसरा, उजेड कमी पडतोय. किंचित पोपटी पानं हवीत. लालसर ठिपके आले तर ऊन जास्त झालं. मी गच्चीवर निम्मा प्रकाश अडवणारी हिरवी जाळी बांधलीय.

आणि उन्हाळा? उन्हाळ्यात माझी ऑर्किडं कूलरसमोर बसतात. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. एकदा दुपारी कूलरच्या वाळ्याचा वास घेत पडले होते, तेव्हा सुचलं की ह्या खोलीत आत्ता कोकणातली हवा आहे! त्या दिवशीच परात आत आणली. झोताच्या थेट तोंडाशी ठेवत नाही, बाजूला, खिडकीजवळ ठेवते. खाली ताटात खडे आणि पाणी. वीज गेली की खिडकीवर ओलं गोणपाट. हे म्हणतात, कूलर आमच्यासाठी घेतला की तुझ्या झाडांसाठी? ऑक्टोबरमध्ये रात्री गार व्हायला लागल्या की फॅलेनॉप्सिस मुद्दाम बाहेर ठेवते. दोन-चार आठवडे रात्रीचा गारवा लागला की तिला फुलांचा दांडा सुटतो. जानेवारीचा गारठा मात्र सोसत नाही, तेव्हा पुन्हा आत.

सगळंच जमलं असं नाही. ट्विंकल नावाचं इवल्याशा सुगंधी फुलांचं ऑन्सिडियम मी दोनदा आणलं आणि दोन्ही वेळा जूनने नेलं. तो नाद सोडला. पिठ्या ढेकूण एकदा शिरला की स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पान न् पान पुसत बसावं लागतं.

ह्या साऱ्या खटाटोपात २०१० साली एका पुस्तकात सीतेच्या वेणीचं पान उघडलं. छायाचित्र पहिल्यांदाच पाहत होते. आईने सांगितली होती तशीच, हातभर लांब. आसामात तिला कोपौ फूल म्हणतात आणि बिहूला मुली ती केसांत माळतात. खाली बहराचा काळ दिला होता. कोकणात मे अखेर ते जून.

पुस्तक मिटून मी तशीच बसून राहिले. मृगाच्या तोंडावर फुलणारं झाड मी वीस वर्षं दर दिवाळीला फुलवत होते, आणि ते ज्या बाईला कळवत होते तिच्या परसात ते झाड होतं! म्हणजे आईला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं. मग ती दरवर्षी विचारत का राहिली? चिडवायला? तसा तिचा स्वभाव नाही. मला फोन करून विचारायचा धीर झाला नाही. पुढच्या दोन दिवाळ्यांना तिने विचारलं, "फुलली का गं?" आणि मी ओशाळून म्हटलं, "हो."

२०१२च्या सप्टेंबरात तिचा फोन आला. "ह्या वर्षी तुझ्याकडे येते. दिवाळीलाच येते, म्हणजे तुझी वेणी बघायला मिळेल." भाऊ तिला घेऊन रत्नागिरीला मंगला एक्सप्रेसमध्ये बसणार होता, ती थेट झाशीला येते. माझ्या मनात काय काय येऊन गेलं! कुठून तरी फुललेली वेणी मागवावी, तर नोव्हेंबरात ती फुलणार कुठून? 'उंदरांनी खाल्ली' म्हणावं का? पंचेचाळिशी उलटलेली बाई मी, आणि शाळेतल्या मुलीसारख्या सबबी शोधत होते.

आई आली. चहा झाला, पाय धुऊन झाले. मग म्हणाली, "चल, दाखव." मी तिचा हात धरून गच्चीवर नेलं. जाळीखाली डेंड्रोबियमच्या सहा कुंड्या फुललेल्या होत्या, भगवं ॲस्कोसेंडा होतं, भिंतीवर बांदा होता. ती एकेक निरखत शेवटच्या कुंडीपर्यंत गेली आणि माझ्याकडे वळली.

"आई, वेणी पहिल्याच वर्षी मेली," मी म्हटलं. "मातीत लावली होती मी."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "दिवाळीत कुठे फुलते ती?"

"मग विचारायचीस का दरवर्षी?"

ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, तुझ्या पत्रांत असायचं काय? मी बरी, हे बरे, सासूबाई बऱ्या, मुलगी बरी. चार ओळींत संपायचं. त्या फुलाबद्दल तेवढं तू पानभर लिहायचीस. मग मी विचारायची."

मला रडू आलं. तिला नाही आलं. ती डेंड्रोबियमच्या फुलाला नाक लावून पाहत होती. "ह्याला वास नाही गं," तिने निकाल दिला.

पंधरा दिवस राहिली. कांड्यांच्या टोकांशी डेंड्रोबियमला छोटी रोपं फुटतात. बोटभर मुळं आली की ती वेगळी काढता येतात, हे तिने पाहिलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी अशीच रोपं करवंटीत बसवून, आंब्याच्या डाळीबरोबर, इथल्या मराठी बायकांना वाण म्हणून देते हे सांगितलं तेव्हा तिला फार हसू आलं. जाताना दोन रोपं घेऊन गेली. कोकणच्या दमट हवेत ती अशी माजली की विचारू नका. मी इथे कूलर, गोणपाट, पिंपं करते, आणि ती फोनवर सांगते, "मी तर बघतसुद्धा नाही त्यांच्याकडे."

२०१५ मध्ये परसातल्या आंब्याची आणखी एक फांदी वादळात आली. आईने भावाबरोबर त्या फांदीवरचा एक तुकडा पाठवला, पुन्हा ओल्या गोणपाटात. ह्या वेळी मी तो बाभळीच्या जून ओंडक्याला बांधला. मुळांनी ओंडका घट्ट धरलाय, दरवर्षी दोन नवी पानं येतात आणि जुनं एखादं गळतं. उन्हाळ्यात ओंडक्यासकट कूलरच्या खोलीत येते, थंडीत स्वयंपाकघराच्या खिडकीत. गेल्या जूनमध्ये एका पानाच्या बेचक्यात हिरवट टोक दिसलं म्हणून मी आठ दिवस नाचत होते, तर ते नवं मूळ निघालं.

आई आता ऐंशी ओलांडून गेलीय, फोनवर नीट ऐकू येत नाही. तरी विचारते. मी ओरडून सांगते, "नाही फुलली अजून!"

"बरं," ती म्हणते. "बाकी काय?"

मग मी बाकीचं सांगत बसते.